डागडुजी

बीडहून सोलापूरच्या वाटेला लागले की बालाघाटाची चढण लागते आणि ती संपली की मांजरसुंबा येते. पाटोद्याकडून येऊन केज-अंबाजोगाईकडे जाणारी वाट येथेच सोलापूरच्या रस्त्याला छेदते; त्यामुळे बहुतेक प्रवाशांची या गावाशी ओळख चहाच्या पेल्यापुरतीच असते. कपिलधारेला मन्मथस्वामींच्या दर्शनास जाणारे भाविक तेवढे येथे वळतात. आमची गोष्ट निराळी. या घाटातील रस्त्याच्या एका तुकड्यावर आमचे वडील मैलकुली होते.

हा शब्द आता आमच्या विद्यार्थ्यांना समजावून सांगावा लागतो. सरकारी रस्त्याचा काही मैलांचा तुकडा ज्याच्या स्वाधीन, तो मैलकुली. खड्डा पडला की खडी-मुरूम भरून तो धुमसाने ठोकणे, कडेची झाडे जगविणे, दरडीतून सुटलेले धोंडे बाजूस सारणे आणि मुख्य म्हणजे मृगापूर्वी रस्त्याखालच्या मोऱ्यांतील गाळ उपसणे, ही त्याची कामे. मैल जाऊन किलोमीटर आले, तरी नाव तेच राहिले. “पानी आल्यावर मोरी बघून काय उपेग? ती कोरडी असतानाच बघायची असती,” असे दादा म्हणत. कॉलेजच्या अर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मात्र आम्ही ‘शेती’ असे लिहिले. दीड एकर जमीन होती, तेव्हा ते अगदीच असत्य नव्हते; परंतु तसे का लिहिले, हे आमचे आम्हास ठाऊक होते.

दादा गेले त्याला आता दोन वर्षे होतील. वर्षश्राद्धास त्यांच्या आठवणींची एक लहानशी पुस्तिका छापावी असे आम्ही ठरविले व आमच्या जुन्या संगणकावर ती लिहून काढली. एका विद्यार्थ्याने त्या यंत्रावर लिनक्सची एक आवृत्ती बसवून दिली होती. पहिली मुद्रिते हाती आली आणि आम्ही चकित झालो. ‘मोऱ्या’ होत्या तेथे ‘मोर्या’ झाले होते आणि ‘घाटातल्या दऱ्या’ या शब्दांच्या जागी ‘घाटातल्या दर्या’ असे उमटले होते! ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे आमच्या संगणकाने साक्षात समुद्र आणून ठेवला होता, आणि आमच्या वडिलांना खलाशी केले होते.

हसू आले, तसा संतापही आला. विद्यार्थी म्हणाला, “सर, रागावण्यापेक्षा त्यांना कळवा.” कोणाला कळवायचे? येथे थोडा इतिहास सांगणे प्राप्त आहे. १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने या प्रणालीचा गाभा लिहून सर्वांस खुला केला. १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी आरंभिलेली ‘डेबियन’ ही त्या गाभ्यावर उभी असलेली एक प्रमुख प्रणाली. आपल्या सी-डॅक या संस्थेने २००७ साली प्रसिद्ध केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली तिच्याच पायावर रचलेली आहे. अशा प्रणालींचे मूळ लेखन कोणीही वाचावे, कोणीही त्यातील दोष दाखवावा आणि ज्याला साधेल त्याने तो दुरुस्त करावा, असा रिवाज आहे. डेबियनमध्ये प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळतो. हे क्रमांक केव्हाच दहा लाखांपलीकडे गेले. स्थिर म्हणून ठरलेल्या आवृत्तीतही साधारण दर दोन महिन्यांनी दुरुस्त्यांचा एक जुडगा येतो. त्यात नवलाईचे काही नसते. कोठे स्मृतीची गळती बुजविलेली असते, तर कोठे चोरवाटेला कडी घातलेली असते. संगणक आम्हास विचारी, “आता दुरुस्त्या घेऊ का?” आणि आम्ही इमानेइतबारे ‘नंतर’ या शब्दावर बोट ठेवीत असू.

आम्ही पत्र लिहिले. चौथ्या दिवशी एका अनोळखी गृहस्थांचे उत्तर आले. त्यांना मराठी येत नव्हते. कोणत्या कळा कोणत्या क्रमाने दाबल्या, आवृत्ती कोणती, अक्षर पडद्यावर बिघडते की साठविल्यावर, असे त्यांनी बारकाईने विचारले. आमच्या दोन-तीन पत्रांनंतर दोष सापडला. मराठीतला हा अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो : एक, नुक्त्याचा ऱ घेऊन, दुसरा, साधा र, हलन्त आणि त्यांच्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक सांधणारे चिन्ह घालून. आमची कळपाटी दुसऱ्या रीतीने लिहीत होती, आणि मजकूर साठविणाऱ्या कार्यक्रमाने ते अदृश्य चिन्ह केर समजून झाडून टाकले होते. दुरुस्ती एका ओळीची होती. पुढील जुडग्यात ती आली. यादीत तिची नोंदही एका ओळीचीच होती. तिच्या वरती आणि खालती परक्या लिप्यांच्या, परक्या यंत्रांच्या अशाच कित्येक ओळी होत्या. प्रत्येकीमागे कोठेतरी कोणाची तरी ‘दऱ्या’ची ‘दर्या’ झाली असली पाहिजे.

ही यादी वाचताना आम्हास २०२४ सालच्या मार्चमधील एक प्रसंग आठवला. दाब देऊन मजकूर आटोपशीर करणारे ‘एक्सझेड’ नावाचे एक साधन पुष्कळ लिनक्स प्रणालींत असते. ते अनेक वर्षे एकच गृहस्थ, तेही विनामोबदला, सांभाळीत होते. ते थकले होते. कोणा एका मदतनिसाने दोन-एक वर्षे नेकीने काम करून त्यांचा विश्वास मिळविला आणि शेवटी त्या साधनात एक चोरदरवाजा बसविला. तो जगभर पसरण्याच्या बेतात असता आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या ध्यानात आले की, दूरच्या संगणकात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे. एवढ्याशा विलंबाचा माग काढीत ते त्या दरवाजापर्यंत पोहोचले. दादाही पावसाळ्यात रात्री अंथरुणावर उठून बसत आणि म्हणत, “आवाज बदललाय. वरची मोरी तुंबली.” आणि कंदील घेऊन निघत. आम्ही पांघरूण ओढून घेत असू. सकाळी गाड्या सुरळीत चालत, म्हणून रात्री काही घडले होते असे कोणास वाटत नसे. आम्हासही वाटले नाही.

डागडुजीच्या नशिबी हेच असते. ती चोख झाली तर दिसत नाही आणि चुकली तरच तिची आठवण होते. आयुष्यभर आम्ही वर्गात मोठ्या ग्रंथांच्या निर्मात्यांविषयी बोललो, घाटातून एस.टी.ने सुखरूप कॉलेजला पोहोचलो, ते कोणाच्या हातांमुळे, हे सांगावयास मात्र जीभ रेटली नाही. मराठीचा गंधही नसलेल्या एका परक्या माणसाने आमच्या वडिलांच्या मोऱ्या नीट लिहिल्या जाव्यात म्हणून आपल्या काही संध्याकाळी खर्ची घातल्या. आमच्याकडून एवढेही झाले नव्हते.

आता दुरुस्त्या आल्या की आम्ही त्या लगेच घेतो आणि चहा होईपर्यंत यादी वाचीत बसतो. त्या वाटेने आज चौपदरी महामार्ग गेला आहे. पुस्तिका पुन्हा छापून घेतली. तिच्या पहिल्या पानावर दादांचे नाव आहे, त्याखाली गाव मांजरसुंबा आणि त्याखाली, पस्तीस वर्षांच्या उशिराने, व्यवसाय : मैलकुली.