कुळ की नाक?

यॉर्कशायरच्या खेड्यात आल्यावर बंदुकीचा परवाना काढला. मग कुत्रे हवेच. इथली साधी शिकार म्हणजे शेताच्या कडेकडेने चालायचे. झुडपातले पाखरू उठवायचे कुत्र्याने आणि पडलेले शोधून आणायचेही त्यानेच.

शुद्ध स्प्रिंगर स्पॅनिएल घ्यावे की स्प्रिंगर-कॉकरचा संकर? मी अर्थातच कुळाच्या बाजूचा. वंशावळ पाहिल्यावाचून आमच्याकडे सोयरीक होते का कधी! शेजारचे म्हातारे शेतकरी हसले. "अहो, पूर्वी ही दोन्ही एकाच वेतात निघत. २५ पौंडांच्या आत भरला तो कॉकर, वर गेला तो स्प्रिंगर!" खरेच; केनेल क्लबने स्प्रिंगर वेगळा मानला तो १९०२ साली.

त्यांचीच संकर कुत्री घेऊन आम्ही निघालो. माझ्या बाराने एक फेझंट नुसताच पंखात जायबंदी झाला आणि धावत काटेरी जाळीत शिरला. तिथे तो रात्रभर तडफडणार, या विचाराने माझ्या पोटात गोळा आला. कुत्री मात्र जमीन हुंगत आत घुसली. बऱ्याच वेळाने ओरबाडलेल्या नाकाने बाहेर आली, पाखरू अलगद तोंडात. म्हाताऱ्यांनी त्याला चटकन सोडवले.

तिच्या पुढल्या वेतातले पिल्लू मी सांगून ठेवले. कागद मागितले ते फक्त आईबापांच्या डोळ्यांच्या तपासणीचे.

"जात कोणती म्हणायची?" घरी विचारणा झाली. उत्तर द्यायच्या आत पिल्लाने माझी चप्पल पळवली होती.