99 एपीओ

1971 साली मी सांगलीला विलिंग्डन कॉलेजात बी.एस्सी.ला होतो आणि कॉलेजच्या फुटबॉल संघात राइट आउट खेळत होतो. लढाई पेटणार हे दिवाळीनंतर सगळ्यांनाच दिसत होतं. 15 नोव्हेंबरपासून तर घरी पत्र टाकायचं म्हटलं की पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या मदतीचं 5 पैशांचं जादा तिकीट चिकटवावं लागे.

3 डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्ताननं आपल्या विमानतळांवर हल्ले केले. मध्यरात्रीनंतर रेडिओवर इंदिराजी बोलल्या. दुसऱ्या दिवशी सरावाला जमलो तर विषय एकच, आता आंतरमहाविद्यालयीन सामने खेळायचे का? गावात लोक तोंडावर बोलत, "तिकडं पोरं मरतायत आणि तुम्ही इकडं चेंडू लाथाडताय!"

आमचा गोलकीपर सातारा तालुक्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावचा. पहिल्या महायुद्धात या एका गावातले 46 जवान कामी आले. त्याचे वडील, आबा, फौजेतून निवृत्त झालेले, थोरला भाऊ जंगी पलटणीत, म्हणजे पहिल्या मराठा बटालियनमध्ये. भावाला लिहायचा पत्ता त्यानं मला दाखवला होता. त्यात ना गाव, ना मुक्काम. नंबर, नाव, पलटण आणि शेवटी 99 एपीओ, म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय. 56 असतं तर पश्चिमेची सरहद्द, 99 म्हणजे पूर्वेकडची. घरच्यांनी तेवढ्यावरच ओळखायचं.

जिमखान्याच्या सरांनी त्याला बाजूला घेतलं. "घरी जाऊन येतोस का?"

"नको सर. आबांचं पत्र आलंय. भाऊ त्याच्या जागी उभा आहे, तू तुझ्या जागी थांब म्हणतात."

त्याची जागा गोलपोस्टात होती. सामने रद्द करा असं त्यानंतर संघात कुणी म्हटलं नाही.

साताऱ्याच्या सामन्याला आम्ही इस्लामपूर, कऱ्हाड करत एसटीनं गेलो. त्याच सुमारास पूर्व पाकिस्तानातलं जमालपूर पडल्याची बातमी आली होती. 10 डिसेंबरच्या रात्री वेढ्यातून निसटू पाहणाऱ्या बलुच पलटणीला जंगी पलटणीनं तिथं अडवलं, हे आम्हाला फार नंतर कळलं. सामन्याच्या उत्तरार्धात आमच्या गोलकीपरच्या गोलमागेच कुणीतरी ट्रान्झिस्टर लावला. बातम्या सुरू झाल्या तशी माणसं तिकडं गोळा झाली. मी पलीकडून बघत होतो. त्यानं एकदाही मान वळवली नाही. नजर चेंडूवर, गुडघे वाकलेले, हात पुढं. सामना आम्ही एका गोलनं हरलो आणि स्पर्धेतून बाहेर पडलो. त्याचं मला तेव्हाही फारसं वाटलं नाही.

16 डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. जंगी पलटण ढाक्यात आधी शिरलेल्या तुकड्यांत होती. सांगलीत पेढे वाटले गेले. गोलकीपरनं पेढा घेतला, कागदात बांधून ठेवला. भावाचं खुशालीचं पत्र यायला जानेवारी उजाडला.

चेंडू लाथाडण्यावरून आम्हाला बोलणाऱ्यांची माया खोटी नव्हती. पण ज्यांच्या घरचं माणूस आघाडीवर असतं, ती माणसं हातातलं काम टाकून बसत नाहीत, हे मी त्या हंगामात जवळून पाहिलं. सातारा-कऱ्हाड रस्त्यानं कधी गेलात तर थोडी वाट वाकडी करा आणि अपशिंग्यातला स्मृतिस्तंभ बघून या. तिथल्या घराघरांतून अजूनही पोरं फौजेत जातात.