आधी पिंजरा, मग इंजिन

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण ज्यांच्या घरात अठरा ते पंचवीस वर्षांचं पोरगं आणि दारात गाडी आहे त्यांनी नक्की वाचा.

माझं जळगाव जामोदला गाड्यांच्या पार्टचं दुकान आहे. सव्वीस वर्षं झाली. एवढी वर्षं काउंटरच्या मागं उभं राहिलं की गिऱ्हाईक काय मागतं त्यावरून तालुक्याची तब्येत कळते. प्रेशर हॉर्न, फॉग लाइट, रुंद टायर, आवाज करणारा सायलेन्सर हे मागायला पोरं पैसे हातात घेऊन येतात. ब्रेकचं किट, व्हील सिलिंडर, टाय रॉड एंड हे मात्र उधारीवर आणि तेही गाडी बंद पडल्यावर. मी विचारतो, "ब्रेक लायनर कवा बदलले?" उत्तर ठरलेलं, "चालते नं भाऊ सध्या."

मागच्या पावसाळ्यात आपल्याच भागातला एक बावीस वर्षांचा पोरगा गेला. नाव लिहीत नाही, घरच्यांची जखम ओली आहे. जुनी, उघडी जीप. दोघांची शर्यत लागली होती, वळणावर जीप उलटली. जीपला मागं रोल बार होता, काळा चकचकीत पेंट मारलेला, वर चार लाइट. तो पाइप मी नंतर बघितला. पाण्याचा जीआय पाइप होता. वाकवला तिथं चेपलेला, आणि खाली पत्र्याला नुसते वेल्डिंगचे टाके. जीप उलटली तसा तो घडीच्या खुर्चीसारखा मिटला.

त्यानंतर चौकात दोनच मतं ऐकली. एक, पोरं वाया गेली, पोलिसांनी दांडके घालायला पाहिजेत. दुसरं, वय आहे, होते असं. मला दोन्ही पटत नाहीत. हे पुन्हा होईल हे सांगायला भेंडवळची घटमांडणी लागत नाही. वेग हवासा वाटणं हा गुन्हा नाही. तो वेग कुठं, कशात बसून आणि कोणाच्या देखरेखीखाली, हा खरा प्रश्न आहे. आणि या प्रश्नाचं उत्तर जगानं शोधून ठेवलेलं आहे. फार महाग किंमत मोजून शोधलंय, म्हणून ते फुकट वाया घालवू नये.

अमेरिकेत 'स्टॉक कार' शर्यत म्हणतात. स्टॉक म्हणजे शोरूममध्ये मिळते तशी साधी घरगुती गाडी. १९४८ मध्ये नास्कार ही संस्था निघाली आणि १९४९ पासून अशा गाड्यांच्या रीतसर शर्यती सुरू झाल्या. सुरुवातीला सुरक्षेची व्यवस्था काय, तर दार उघडू नये म्हणून पट्ट्यानं नाहीतर दोरीनं बांधायचं. म्हणजे आपल्यासारखंच.

मग माणसं मरत गेली आणि नियम येत गेले. १९६४ मध्ये फायरबॉल रॉबर्ट्स नावाचा मोठा चालक शर्लटच्या शर्यतीत गाडी पेटून भाजला आणि काही आठवड्यांनी वारला. त्यानंतर पत्र्याच्या टाकीच्या जागी आत रबरी पिशवी असलेली, न फुटणारी पेट्रोल टाकी आली. १९७० मध्ये रिचर्ड पेटीची गाडी डार्लिंग्टनला कोलांट्या खात गेली, त्याचा हात-खांदा खिडकीबाहेर लोंबकळताना सगळ्यांनी बघितला. तो वाचला, आणि खिडकीला जाळी सक्तीची झाली. १८ फेब्रुवारी २००१ ला डेटोनाला शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट गेला. त्याच वर्षी डोकं आणि मान धरून ठेवणारा पट्टा सक्तीचा झाला. त्यानंतर नास्कारच्या मुख्य मालिकेत शर्यतीत एकही चालक दगावलेला नाही. २०२० मध्ये त्याच डेटोनाला रायन न्यूमनची गाडी उलटी होऊन पेटली, बघणाऱ्यांना वाटलं संपलं. दोन दिवसांनी तो आपल्या पोरींचा हात धरून दवाखान्यातून चालत बाहेर आला.

म्हणजे त्या गाडीतली एकेक वस्तू कोणाच्या तरी मरणावर नाहीतर मरता मरता वाचण्यावर बसवलेली आहे.

आपल्या देशातही घरगुती गाड्यांच्या शर्यतीला जुना इतिहास आहे. मद्रासजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली विमानाची धावपट्टी होती. तिथं वर्षानुवर्षं शर्यती झाल्या आणि त्यात आपल्या ओळखीच्या फियाट आणि अँबेसेडर पळायच्या. त्यातली फियाट तर आपल्या महाराष्ट्राचीच. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची, पुढं तिचंच नाव पद्मिनी झालं. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस गेली. पण खेड्यापाड्यांत, गोठ्यामागं, बाभळीखाली अशा फियाट अजून उभ्या आहेत. कोंबड्या अंडी घालतात त्यात.

अशीच एक १९७८ ची आम्ही दोन वर्षांपूर्वी उचलली. आम्ही म्हणजे मी, सगळे ज्यांना चाचा म्हणतात ते साठीतले मेकॅनिक, आणि आयटीआय केलेली चार पोरं. कागद संपलेले, तळाचा पत्रा सडलेला, भंगारातच जाणार होती. हे मुद्दाम सांगतो. चांगली, अस्सल राहिलेली जुनी गाडी शर्यतीसाठी कापू नये. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ पासून व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. पण त्यात चासी, बॉडी, इंजिन मोठ्या प्रमाणात बदललेलं चालत नाही. अशी गाडी जपायची. शर्यतीसाठी भंगारातली घ्यायची.

पोरांना पहिल्या दिवशी इंजिन उघडायचं होतं. १,०८९ सीसी, चाळीसेक घोड्यांचं. कार्ब्युरेटर बदलू, हेड घासू, असं चाललेलं. चाचा म्हणाले, "इंजन तं कोणीबी पळवते. आधी थांबवून दाखवा नं." आणि त्यांनी चार महिने इंजिनाला हात लावू दिला नाही.

सुरुवात तपासणीनं. स्टब एक्सल, स्टेअरिंगचे आर्म, टाय रॉड, सगळं काढून धुतलं. चाचांची जुनी पद्धत बघा, कोणालाही घरी करता येते. पार्ट रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचा, काढून कोरडा पुसायचा, वरून खडूची पूड लावायची आणि हातोडीनं हलकं ठोकायचं. डोळ्याला न दिसणारी चीर असेल तर आतलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर बारीक काळी रेघ उमटते. आता याच कामाला लाल रंगाचा आणि डेव्हलपरचा स्प्रे मिळतो, तोही वापरला. एका स्टब एक्सलवर रेघ आली. पोरगा म्हणाला, "वेल्डिंग मारू." चाचांनी तो पार्ट तिथंच घणानं तोडून टाकला, कोणी चुकूनही परत बसवू नये म्हणून.

मग ब्रेक. जुन्या गाड्यांत चारही चाकांना एकच लाइन असते. एक नळी फुटली की पाय सरळ खाली. आम्ही दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवला, पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी. एक गेलं तरी एक राहतं.

मग पिंजरा. याच्यासाठी सीमलेस पाइप लागतो, शिवण नसलेला. आंतरराष्ट्रीय नियमात मुख्य कमान ४५ मिलिमीटर व्यासाची आणि अडीच मिलिमीटर जाडीची सांगितली आहे, बाकीचे पाइप ३८ चे चालतात. वाकवताना चेपला की तो पाइप बाद. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पिंजऱ्याचा पाय नुसता पत्र्यावर ठेवायचा नाही. खाली किमान तीन मिलिमीटर जाडीची चांगली रुंद पट्टी पाहिजे, नाहीतर गाडी उलटल्यावर पाइप शाबूत राहतो आणि पत्रा फाडून खाली जातो. आम्हाला तर आधी सडलेला तळच नवा करावा लागला. डोकं लागेल तिथं जाड पॅडिंग. रस्त्यावरच्या जीपला हौसेनं बसवतात तो रोल बार यापैकी कशातच बसत नाही. तो दागिना आहे.

नंतर खोल सीट, पाच ठिकाणी बांधणारा पट्टा, पेट्रोल टाकी आणि चालक यांच्यात पत्र्याची भिंत, आग विझवायचं सिलिंडर, आणि बाहेरून कोणालाही दाबता येईल असा करंट तोडायचा लाल स्विच. टायर घेताना कडेचा चार आकडी नंबर वाचायचा. '२३१८' असेल तर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी कितीही शिल्लक असो, म्हातारं रबर फुटतं. हे तुमच्या रोजच्या गाडीलाही लागू आहे, आज घरी गेल्यावर बघा.

शेवटी इंजिन. साधं रिंग-बेअरिंगचं काम केलं, बस. आमचा जास्त पैसा पिंजऱ्यात, ब्रेकात आणि सीटपट्ट्यात गेला. पोरं पहिले चार महिने तोंड वाकडं करून होती. आता तीच पोरं गिऱ्हाइकाच्या गाडीखाली जाऊन म्हणतात, "काका, ब्रेकची नळी चिरली हाय, गाडी सोडत नाही." मला विचाराल तर या फियाटची खरी कमाई ही आहे.

गाडी तयार आहे. पळवायला जागा नाही.

रस्त्यावर ती जाऊ शकत नाही आणि जाऊही नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत हा गुन्हा आहे, तीन महिने कैद किंवा पाच हजार दंड, दुसऱ्यांदा त्याहून जास्त. कायदा बरोबर आहे. पण नुसत्या 'नको' नं पोरं थांबत नाहीत, ती फक्त अंधारात जातात.

याला काय करायचं ते आपण वऱ्हाडानं एकदा करून दाखवलं आहे. शंकरपट आठवा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली. बैलांचे हाल होत होते, ते कोणी नाकारू नये. राज्यानं कायदा केला, १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं कायदा मान्य केला. आता पट भरवायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, अनामत रक्कम, धावपट्टी हजार मीटरच्या आत, बैलांची डॉक्टरकडून तपासणी. तळेगाव दशासरचा पट पुन्हा भरतो, हजारो लोक बघतात. आपल्याकडे बैलाला डॉक्टरचा दाखला लागतो. धुरकऱ्याच्या वयाच्याच पोरानं जीप पळवली तर त्याच्यासाठी दाखला नाही, मैदान नाही, नियम सांगणारा माणूस नाही.

मोटारीचंही तसंच होऊ शकतं. मैदानावर मातीत, एका वेळी एकच गाडी, घड्याळ लावून, याला ऑटोक्रॉस म्हणतात. समोरासमोर धडक होण्याचा प्रश्नच नाही. देशात मोटार शर्यतीचे नियम एफएमएससीआय ही महासंघ संस्था बघते आणि परवाने देते. नाशिकसारख्या ठिकाणी राष्ट्रीय पातळीच्या रॅली झालेल्या आहेत. परग्रहावरची गोष्ट नाही ही.

कोणी म्हणेल, सोयाबीनला भाव नाही, कापूस घरात पडून आहे आणि तुम्हाला शर्यती सुचतात. रास्त आहे. पण जीप उलटून गेला तोही कास्तकाराचाच पोरगा होता. आणि कोणी म्हणेल, नियम पाळूनही मरतात. तेही खरं. जानेवारी २०२३ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर के. ई. कुमार हे ५९ वर्षांचे अनुभवी चालक शर्यतीत गेले. धोका शून्य होत नाही, हे पोरांना आणि आईबापांना सांगूनच पुढं जायला पाहिजे. पण तिथं शर्यत ताबडतोब थांबली, जखमीला लगेच दवाखान्यात नेलं. आपल्या वळणावर त्या रात्री पहिला माणूस पोचायला किती वेळ लागला, ते घरच्यांना माहीत आहे.

शिवाय हा विषय फक्त शर्यतीचा नाही. १ जुलै २०२३ ची रात्र आपला जिल्हा विसरलेला नाही. सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर खासगी बस उलटली, पेटली आणि २५ माणसं आत जळाली. शर्यतीची गाडी बांधणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो की ही उलटली आणि पेटली तर आतला माणूस बाहेर कसा येईल? हा प्रश्न बस बांधणाऱ्यानं, पासिंग करणाऱ्यानं, आणि तिकीट काढणाऱ्या आपण सगळ्यांनी विचारायची सवय लागली पाहिजे. ती सवय गॅरेजमधूनच लागेल.

म्हणून मागणं मोठं नाही. एक, आयटीआयमध्ये मेकॅनिक आणि वेल्डरच्या पोरांना भंगारातली एक गाडी द्या आणि ती सुरक्षेसह उभी करायला शिकवा. दोन, वर्षातून दोनदा, पिकं निघाल्यावर, एखादं मोकळं मैदान रीतसर परवानगी, ॲम्ब्युलन्स आणि अग्निशमन गाडीसह ऑटोक्रॉसला द्या. तीन, जो रस्त्यावर शर्यत लावेल त्याला त्या मैदानावर वर्षभर बंदी. पोरं दंडाला भीत नाहीत, याला भितील.

आमदार साहेब, आरटीओ साहेब, पंचायत समितीतली मंडळी, इथं बरेच जण ही भिंत वाचतात हे मला माहीत आहे. आम्ही लेखी निवेदन घेऊन येतोय. सोबत यायचं त्यांनी खाली लिहा किंवा दुकानावर या.

आणि ज्यांच्या जीपला तो चकचकीत पाइप आहे त्यांनी रविवारी चाचांच्या गॅरेजला गाडी आणा. पाइप कशाचा आहे आणि पाय कशावर उभा आहे ते बघून देऊ. पैसे नाही घेणार.