बहर आला, पण फळ का नाही?

जूनच्या सुमारास हातगाडीवर लालबुंद आलुबुखार दिसले की आपण भाव विचारतो, दोन-चार दाबून बघतो नि अर्धा किलो घेतो. हिमाचलात पिकणारी त्यांची एक नावाजलेली जात म्हणजे ‘सांता रोझा’. मैत्रिणींनो, हे नाव मूळचं कॅलिफोर्नियातल्या एका शहराचं. तिथे ल्यूथर बरबँक यांनी १९०६ साली ही जात लोकांपुढे आणली. परमहंस योगानंदांनी ‘योगी कथामृत’ अर्पण केलं, ते याच बरबँकना!

बरबँकनी १८८५ मध्ये जपानहून आलुबुखाराची रोपं मागवली आणि त्यांचे संकर केले. काम मोठं नाजूक. कळी उमलण्याआधी तिच्यातले पुंकेसर काढायचे, मग दुसऱ्या जातीचे पराग हलक्या हाताने टेकवायचे. गंमत अशी, की त्या झाडाचं फळ नेहमीसारखंच येतं. नवी जात लपलेली असते आतल्या बीमध्ये. ती पेरायची, काही वर्षं वाट पाहायची, पुष्कळ रोपांतून एखादंच निवडायचं आणि त्याची कलमं करायची.

खरी गोम पुढेच आहे. सांता रोझा थोडीफार अपवाद. पण जपानी आलुबुखाराच्या पुष्कळ जातींना स्वतःच्या जातीचे पराग चालत नाहीत. फूल ते ओळखतं आणि परागनलिका वाटेतच थांबते. जणू सगोत्र विवाहाला नकारच! अशा एकाच जातीची शंभर कलमं लावली, तरी बाग फुलांनी पांढरी होईल, पण फळ धरणार नाही. त्याच दिवसांत फुलणारं, जुळणाऱ्या दुसऱ्या जातीचं झाड जवळ हवं आणि मधमाश्या हव्यात.

हे वाचलं आणि मला आमच्या शेजारच्या वहिनी आठवल्या. लग्नाला सात वर्षं झाली. ओटी भरायला त्यांना बोलवायचं नाही, हे आपण बायकाच ठरवतो. औषधं, उपास, नवस सगळे त्यांच्या वाट्याला. नवऱ्याची तपासणी मात्र एकदाही नाही.

झाडाचा न्याय माणसाला जसाच्या तसा लागत नाही, हे खरं. पण जाणता बागवान बहरलेल्या झाडाला वांझ म्हणत नाही. शेजारी कुठली जात आहे, मधमाश्या येतात का, थंडीने फुलं करपली का, हे तो आधी बघतो. आपणही ‘दोघांची तपासणी करा’ एवढं सांगावं, नाहीतर गप्प बसावं. आणि हो, पुढच्या हळदीकुंकवाचं पहिलं बोलावणं अशा एखाद्या वहिनींना जाऊ द्या.