दोघांची नाव

कर्जत तालुक्यातील माणसाला नावेचे अप्रूप वाटावे, हे स्वाभाविकच आहे. अवर्षणाच्या या मुलुखात पाण्याचा विस्तार पाहायचा तर भीमेच्या काठी जावे लागते. पूल होण्यापूर्वी सिद्धटेकला पलीकडच्या शिरापूरहून येणारे भाविक होडीने नदी पार करीत. कर्जतच्या बाजारपेठेत भुसार मालाची आडत चालविणारे एक जैन गृहस्थ लहानपणी दोन-तीन वेळा त्या होडीत बसले होते. नावेशी त्यांचा संबंध एवढाच. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मात्र त्यांचे चित्त आठ महिने एका शिडाच्या नौकेत गुंतून राहिले.

त्याला निमित्त झाले ते आजारपणाचे. २०२४ च्या सप्टेंबरअखेर त्यांच्या छातीत कळ आली आणि तातडीने बायपास शस्त्रक्रिया करावी लागली. अकरा दिवस ते रुग्णालयात होते. इकडे बाजारात उडदाची आवक सुरू होती आणि शेतकरी पट्टीचे पैसे मागावयास येत होते. तिजोरीची किल्ली गृहिणींच्या कमरेला होती. परंतु कोणाला किती द्यायचे आणि कोणाकडून किती यायचे, हे त्यांना ठाऊक नव्हते. वास्तविक कागदोपत्री त्या पेढीच्या बावीस वर्षांच्या भागीदार. दरवर्षी पेन्सिलीने फुली मारलेल्या जागी त्या सही करीत आल्या होत्या. पुण्याहून मुलगा धावत आला, पण अर्धा हिशेब कच्च्या वहीत आणि अर्धा वडिलांच्या डोक्यात. दोन पिढ्यांचा संबंध असलेला एक शेतकरी दोनदा रिकाम्या हाताने परत गेला. तिसऱ्या खेपेस त्याने आपला माल दुसऱ्या आडतीवर उतरविला.

घरी आल्यावर सक्तीची विश्रांती होती. त्या दिवसांत नातीने मोबाइलवर त्यांना एक बातमी दाखविली. २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून भारतीय नौदलाची ‘तारिणी’ ही ५६ फुटी शिडाची नौका पृथ्वीप्रदक्षिणेस निघाली होती. नौका गोव्यातच बांधलेली. नौकेवर माणसे दोनच: लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. एक नौदलाच्या रसद विभागातील, दुसरी शस्त्रास्त्र तपासणी विभागातील. नौका दक्षिणेकडे निघाली, विषुववृत्त ओलांडून ९ नोव्हेंबरला ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल बंदरात पोहोचली. त्या वर्षीची दिवाळी दोघींनी भर समुद्रात काढली. त्याच दिवाळीत कर्जतला वहीपूजन झाले ते अंथरुणाशेजारी पाट मांडून.

गृहस्थांना प्रश्न पडला, की दोनच माणसे असताना रात्री नौका चालवितो कोण? समुद्रात ती कुठे थांबविता येत नाही, नांगर टाकावा तर तळ मैलोगणती खोल. मग त्यांनी वाचावयास आरंभ केला. दोघांच्या नौकेची रीत अशी, की दिवसरात्र पाळ्या लावून पहारा चालतो. एक निजला की दुसरा जागा. जागणाऱ्याने वारा पाहायचा, शीड कमी-जास्त करायचे, वाटेत एखादे जहाज येत आहे का यावर लक्ष ठेवायचे आणि ठरावीक वेळाने नोंदवहीत लिहायचे: अक्षांश, रेखांश, वेग, वाऱ्याची दिशा, हवेचा दाब. पाळी बदलताना ती नोंद वाचून आणि दोन शब्द बोलून दुसरा सूत्रे हाती घेतो. झोपेतून उठलेल्या माणसाला नौका कोठे आहे आणि कोणीकडे चालली आहे, हे विचारत बसावे लागू नये, एवढाच त्या वहीचा हेतू.

उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील जोडप्यांविषयीही त्यांनी वाचले. निवृत्तीनंतर कित्येक पती-पत्नी शिडाच्या नौकेतच संसार मांडतात. तिकडे १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ. तो सरत आला, की थंडीच्या आधी ही मंडळी दक्षिणेकडे फ्लोरिडा आणि बहामा बेटांच्या दिशेने निघतात. टाकीतले पाणी मापून वापरायचे, वीज सूर्यप्रकाशावर मिळेल तेवढीच, आणि ज्याचा उपयोग नाही ती वस्तू नौकेवर घ्यायची नाही. जैन घरात ज्याला परिग्रह-परिमाण म्हणतात, ते तेथे जागेच्या अभावी आपोआप पाळले जाते. परंतु अशा जोडप्यांतही एक दोष शिरतो. सुकाणू नेहमी पतीच्या हाती आणि पत्नी खाली स्वयंपाकघरात. पती तोल जाऊन पाण्यात पडला, तर नौका वळवून त्याला वर घेणार कोण? म्हणून जाणकार सांगतात, की दोघांपैकी प्रत्येकाला एकट्याने नौका हाकता आली पाहिजे.

हा मजकूर त्यांनी पत्नीला मोठ्याने वाचून दाखविला. त्या ताक घुसळीत होत्या. हात न थांबविता त्या म्हणाल्या, “अहो, तुम्ही अकरा दिवस पाण्यातच होता. मला वळवता आली नाही.”

गृहस्थ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सायंकाळी मात्र त्यांनी रोजमेळ पत्नीसमोर ठेवला आणि लेखणी त्यांच्या हाती दिली.

शिकणे सोपे नव्हते. हमाली, तोलाई, आडत हे त्या आठवड्याभरात समजल्या. उधारीचे मर्म समजण्यास महिने लागले. गृहस्थांनाही सांगणे जड गेले. दोन येणी अशी निघाली, की जी त्यांनी भिडेखातर कोठेच लिहिली नव्हती. बँकेतील एका जुन्या ठेवीवर दिवंगत आईचेच नाव नामनिर्देशित होते. दहा वर्षे कोणी न विचारलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होतात, आणि त्यांचा शोध घेण्यासाठी २०२३ पासून ‘उद्गम’ हे संकेतस्थळ आहे. परंतु शोधण्याची वेळ मागे राहिलेल्यावर का आणावी? त्यांनी सर्व खात्यांचे नामनिर्देशन नव्याने केले आणि ठेवी, विमा, लॉकर, येणे-देणे यांची एक यादी करून ती पत्नीच्या कपाटात ठेविली.

उत्तराध्ययन सूत्राच्या तेविसाव्या अध्ययनात केशी-गौतम संवाद आहे. त्यात शरीराला नाव, जीवाला नाविक आणि संसाराला समुद्र म्हटले आहे. छिद्र असलेली नाव पैलतीरास जात नाही. तेथे बोध आत्म्याचा आहे, पेढीचा नव्हे. तथापि न लिहिलेली उधारी आणि न सांगितलेले खाते ही संसारातील छिद्रेच होत. ती बुजविल्याशिवाय वृद्धपणी निश्चिंत मनाने सामायिकास बसता येत नाही.

‘तारिणी’ २९ मे २०२५ रोजी गोव्यास परतली. लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केप टाउन अशी बंदरे घेत, केप हॉर्नला वळसा घालून तिने २५ हजारांहून अधिक सागरी मैल कापले होते. तो सोहळा पती-पत्नींनी दूरदर्शन संचावर सोबत बसून पाहिला.

पुढे ऑगस्टमध्ये पर्युषणाचे आठ दिवस गृहस्थ मोबाइल घरी ठेवून स्थानकात राहिले. दुकान पत्नीने पाहिले. क्षमापना करून ते पेढीवर आले आणि रोजमेळ चाळताना थांबले. वर्षानुवर्षे माल उचलून पैसे लांबविणाऱ्या एका व्यापाऱ्याला पत्नीने उधारीस नकार दिला होता. तो त्यांचा बालमित्र. ते काहीसे रागावून म्हणाले, “मला विचारायचे तरी!”

“तुमची पाळी नव्हती,” त्या म्हणाल्या.

गृहस्थांनी चष्मा पुसला, त्या दिवसाची नोंद पुन्हा एकदा वाचली आणि तिच्याखाली सही केली. यावेळी फुली कोणी मारली नव्हती.