माणसाच्या अंगात वीज साठत नसते

मिरीग तोंडावर आलाय म्हणून लिहितोय. पोस्ट लांबलीय, पण वाचा.

थोरले काका गेले तेव्हा मी बारावीत होतो. तिफण सोडून आखाड्याकडं निघाले, पावसानं गाठलं म्हणून लिंबाखाली थांबले. इज पडली. एक बैल जागीच गेला. आम्ही धावत पोचलो तर चार-पाच जण लांब उभे. "हात लावू नका, अंगात करंट हाय." मग कुणीतरी म्हणालं, शेणात पुरा, इज उतरती. अर्धा तास शेण-मातीत गेला. काकांच्या अंगावर भाजल्याची खूण म्हणावी तर खांद्यावर तेवढी एक रेघ.

पुढं मी फिजिक्सच शिकलो, आता तेच शिकवतो. मागच्या महिन्यात एका पोरानं विचारलं, "सर, औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो होतंय, तिथं वीज साठवणार आहेत का?" म्हणलं नाही बाबा. तिथं चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्यांतून लेझर जाणार, गुरुत्वीय लहरी मोजायला. केंद्रानं एप्रिल 2023 मध्ये 2600 कोटी मंजूर केलेत. वीज साठवून एका दणक्यात सोडायची यंत्रं वेगळी.

त्यातलं सगळ्यात मोठं अमेरिकेत, न्यू मेक्सिकोतल्या सँडिया प्रयोगशाळेत. नाव नुसतं 'झेड'. आपण दिवसभर बारीक धारेनं हौद भरतो आणि मग एकदम तोटी काढतो, तसंच. तेलात बुडवलेले कपॅसिटर हळूहळू भरायचे, मग सगळे एकदम सोडायचे. तो झटका पाण्यातून नेत नेत आणखी आखूड करायचा. शेवटी बोटभर धातूच्या नळीतून अडीच कोटी अँपिअरच्या आसपास प्रवाह जातो, तोही सेकंदाच्या एक कोटीव्या भागात. आपली पाच एचपीची मोटार सात-आठ अँपिअर ओढते. आभाळातली साधारण वीज तीस हजार.

नळीचं काय होतं? शेजारच्या दोन तारांतून एकाच दिशेनं प्रवाह गेला की त्या एकमेकींना ओढतात. नळी म्हणजे गोल उभ्या केलेल्या तारांचा भाराच समजा. सगळ्या आतल्या बाजूला ओढल्या जातात आणि नळी स्वतःच्याच चुंबकानं चेपते. पृथ्वीच्या पोटात असतो त्याहूनही जास्त दाब असा तयार करता येतो. एवढ्या दाबात हिरा कसा वितळतो, ते असल्या यंत्रावर बघितलंय.

आणि हे पहिल्यांदा दाखवलं कुणी? आभाळातल्या विजेनंच. ऑस्ट्रेलियात एका रॉकेल कारखान्यावरच्या तडितरक्षकाची तांब्याची पोकळ नळी वीज पडून चेपली होती. सिडनीच्या पोलॉक आणि बॅराक्लो यांनी 1905 साली त्याचं कारण मांडलं. ते वाचलं तेव्हा मला काकांचा खांदा आठवला.

(आपल्याकडं मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात 'काली' आहे. व्हॉट्सअपवर तिला शत्रूची विमानं जाळणारं अस्त्र करून ठेवलंय. मुळात ते इलेक्ट्रॉनचा झोत सोडणारं यंत्र आहे.)

आता मुद्द्यावर येतो. कपॅसिटर भरलेला असला तर त्याला हात लावायच्या आधी तो जमिनीला जोडून रिकामा करावा लागतो, तिथं करंटची भीती खरीच. पण त्यासाठी पत्रे, तेल, इन्सुलेशन, अख्खी इमारत लागते. माणसाच्या अंगात यातलं काय आहे? वीज अंगातून डोळ्याची पापणी लवायच्या आत जमिनीत जाते. मागं काही उरत नाही. त्या माणसाला लगेच हात लावता येतो, लावलाच पाहिजे. हृदय आणि श्वास थांबलेला असतो, तो पुन्हा सुरू होऊ शकतो. आभाळ अजून कडकडत असेल तर आधी त्याला आडोशाला न्या. 108 ला फोन करा आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबत राहा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. जमलं तर तोंडानं श्वास द्या. शेण नको, माती नको.

आम्ही तो अर्धा तास घालवला. काका वाचलेच असते असं मी म्हणत नाही. पण कुणी हातच लावला नाही, हे मला आजही पचत नाही. त्या लोकांचा राग नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मलासुद्धा नाही, आणि मी सायन्सला होतो.

पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' ॲप मोबाईलमध्ये घ्या, जवळपास वीज पडत असली की सांगतं. कडकडाट ऐकू आला की झाड सोडा, पक्क्या घरात जा.

अजून एक. तालुक्यातल्या एका शाळेवर तडितरक्षकाचा त्रिशूळ उभा आहे, पण खाली जाणारी तांब्याची पट्टी चोरीला गेलीय. वर शिंगं, खाली काहीच नाही. दोन वर्षं अर्ज फिरतोय. तुमच्या गावच्या शाळेवरची पट्टी जमिनीपर्यंत जाते का, उद्या बघून या आणि खाली कमेंटमध्ये गावाचं नाव टाका. नावं जमली की यादी घेऊन मीच हिंगोलीला जातो.