पट्ट्यापर्यंतची मुदत

आमचं वाचनालय केज तालुक्यातल्या एका गावात आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळणारं, ‘ड’ वर्गाचं, दोन खोल्यांचं. दाखल नोंदवही अण्णांच्या हातची. त्यांच्यानंतर ग्रंथपाल म्हणून मी आले आणि पहिल्याच वर्षी सगळी देवघेव संगणकावर घेतली.

पुण्यात शिकणाऱ्या गावच्या पोरानं ‘कोहा’ ही प्रणाली बसवून दिली. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी ती तयार झाली, २००० साली सुरू झाली आणि आजही जगभर फुकट वापरता येते. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. आपल्याकडच्या आहेरासारखी, परतफेडीची जाण ठेवून दिलेली. तीन महिने मी एकेक पुस्तक पुसून त्याची नोंद केली. पंधरा दिवसांची मुदत, पुढे रोज पुस्तकामागे एक रुपया दंड, हे नियमही मीच भरले.

एप्रिलमध्ये एक मुलगी आईबरोबर आली. खताच्या गोणीतल्या प्लॅस्टिकमध्ये तीन पुस्तकं घट्ट गुंडाळलेली. मी क्रमांक टाकला आणि पडद्यावर आकडा उमटला : १६३ दिवस उशीर, दंड ४८९ रुपये. खातं बंद. मुलीनं आईकडे पाहिलं. आई म्हणाली, “ताई, अण्णा कधी घेत नव्हते. आम्ही कारखान्यावर होतो.”

मी अण्णांची जुनी देवघेव वही काढली. काही नावांपुढे पेन्सिलीनं बारीक अक्षरात ‘हंगाम’ लिहिलेलं होतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं ऊसतोडीसाठी कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडे निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की परततात. त्या वाचकांची मुदत अण्णा मनातच वाढवत. सगळी वही संगणकात उतरवताना मी पेन्सिलीचे ते शब्द तेवढे सोडून दिले होते. चूक माझी होती.

दंड मी त्याच क्षणी माफ केला. एक पुस्तक चाळताना पानात उसाच्या पाचटाची एक वाळकी पट्टी सापडली, खूण म्हणून घातलेली. “इथपर्यंत दोनदा वाचलं,” मुलगी म्हणाली. कोपीत, म्हणजे फडावरच्या खोपटात, वीज नव्हती. घरातला एकच मोबाईल ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज व्हायचा आणि बापाच्या खिशात असायचा. विश्वकोश आज फोनवर फुकट वाचता येतो, हे मी गावातल्या पोरांना हौसेनं दाखवते. पण उसाच्या फडाशेजारी तिच्या हाताशी होती ती ही छापील तीन पुस्तकंच.

त्याच आठवड्यात मी प्रणालीत सभासदांचा नवा वर्ग तयार केला : हंगामी वाचक. मुदत ३० एप्रिलपर्यंत, एका वेळी पाच पुस्तकं, दंड शून्य. इतका वेगळा नियम प्रणाली मान्य करील का, अशी धास्ती होती. दहा मिनिटांत काम झालं. यंत्र अडत नव्हतंच, त्याला आमचं गाव कोणी सांगितलं नव्हतं.

मग दुसरी गोष्ट ध्यानात आली. शोधाच्या चौकटीत मुलं ‘उसतोड’ असं ऱ्हस्व लिहीत आणि पुस्तक सापडत नसे, कारण नोंदीत ‘ऊसतोड’ होतं. अण्णांना कोणी नुसतं “ते कोयत्याचं पुस्तक” म्हटलं तरी पुरायचं. आता अशा प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीत मी ऱ्हस्व, दीर्घ, ‘कोयता’, ‘कोपी’ असे लोकांच्या तोंडचे शब्द भरते. अण्णा दुपारी येऊन बसतात, वाचक काय म्हणून काय मागायचे ते आठवून सांगतात आणि मी टंकत राहते. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रं मांडली, त्यातलं एक प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, असं सांगतं. परीक्षेसाठी मी ते पाठ केलं होतं. त्याचा अर्थ मला या दुपारी कळला.

यंदा दसऱ्याच्या आधी ती मुलगी पुन्हा आली. पाच पुस्तकं निवडली, त्यातली दोन टोळीतल्या धाकट्या पोरांसाठी, मोठ्या अक्षरातली. मी पुस्तकांचे बारकोड वाचून घेतले. पडद्यावर परतीची तारीख आली : ३० एप्रिल. तिनं ती दोनदा वाचली, प्लॅस्टिक उलगडलं आणि पुस्तकं त्यात नीट बांधून घेतली.